लाजेची बादली

गादीवाल्या मावशींचं वजन किती, हा प्रश्न वरच्या गावात कुणी कुणाला विचारत नसे. विचारायची सोयच नव्हती. दिवसभर ज्यांच्या हातात तराजू, ज्या चिमूटभर कापूस इकडचा तिकडे होऊ देत नसत, त्या बाई स्वतः मात्र आयुष्यात कधी काट्यावर उभ्या राहिल्या नव्हत्या. "मी कापसातच वाढले," त्या म्हणायच्या, "कापसाला कुठलं आलंय वजन?" त्या दुकानाचा उंबरा ओलांडून आत गेल्या की फळीवरच्या बरण्या नमस्कार केल्यासारख्या एकदा पुढे झुकायच्या. सगळ्यांना ते दिसायचं. पण बघून न बघितल्यासारखं करायला वरचं गाव फार पूर्वीच शिकलं होतं.

त्याला कारण होती पाणगाडी.

वरचं गाव टेकडीच्या माथ्यावर, बाजार पायथ्याशी. मधला चढ असा, की बकरीसुद्धा वर पोचली की आधी मटकन बसायची आणि मग विचार करायची, की आपण आलो कशाला. त्या चढावर रूळ, रुळांवर दोन डबे, आणि दोन्ही डब्यांना बांधलेला एकच पोलादी दोर. हा दोर माथ्यावरच्या एका थोरल्या चाकावरून फिरायचा. विहिरीच्या रहाटाला दोन बाजूंनी दोन घागरी असाव्यात, एक खाली गेली की दुसरी आपोआप वर, तसाच हा प्रकार. इंजिन नाही, धूर नाही, डिझेलचा थेंब नाही. दोन्ही डब्यांच्या पोटात एकेक टाकी. माथ्यावरच्या झऱ्याचं पाणी वरच्या डब्यात भरायचं, तो जड झाला की खाली निघायचा आणि खालच्याला ओढून वर आणायचा. खाली पोचला की टाकीतलं पाणी बाजारामागच्या मळ्यांत सोडून द्यायचं. म्हणजे ज्या पाण्यानं माणसं वर चढायची त्याच पाण्यावर भाजी पिकायची, आणि ती भाजी पुन्हा त्याच गाडीनं वर यायची. याहून जास्त काटकसर केली तर माणूस कंजूष म्हणून बदनाम होतो.

वर किती पाणी भरायचं, ते खाली किती माणसं बसलीत त्यावर ठरायचं. त्यासाठी खालच्या थांब्यावर एक दोरी होती. ती ओढली की तारेतून ओढ जायची आणि वरच्या थांब्यावर घंटा वाजायची. माणशी एक टोला. अंगापिंडानं दांडगा असेल त्याला दोन. वर पाणकाका बसलेले. ते टोले मोजायचे आणि तेवढं पाणी सोडायचे. हे पाणकाका म्हणजे मावशींच्या गेलेल्या यजमानांचे जिवलग दोस्त. घरच्या सुखदुःखात पहिली हाक त्यांना, आणि घरच्या भांडणात पहिली शिवीही त्यांनाच.

आता खालचा जुना घंटावाला होता मोठा भिडस्त माणूस. "बाईमाणसाचं वजन चारचौघांत वाजवायचं? माझ्या हातून नाही होणार," असं म्हणून तो मावशींना कायम एकच टोला द्यायचा. मग व्हायचं काय, की डबा अर्ध्या वाटेवर येऊन बसायचा रुसून. दोनदा तसं झाल्यावर पाणकाकांनी वरच्या थांब्यावर साखळीला एक बादली टांगली. बादली म्हणजे कशी, तर आत बसून माणसानं निवांत आंघोळ करावी एवढी. बाजाराच्या दिवशी मावशी परत यायच्या वेळेला खालून टोले आले, की काका ते मोजून पाणी सोडायचे आणि वर ही बादली गुपचूप टाकीत उलटी करायचे. खालच्यानं कधी सांगितलं नाही, वरच्यानं कधी विचारलं नाही. गाव तिला लाजेची बादली म्हणायचं, अर्थात मावशींच्या पाठीमागे.

अशी ही गाडी सत्य आणि शिष्टाचार या दोन रुळांवर वर्षानुवर्षं सुरळीत चालली होती. मग जुना घंटावाला निवृत्त झाला आणि त्याच्या जागी आली मावशींची सून.

सून हुशार, कामाला वाघ. नियमांचं पुस्तक तिनं तोंडपाठ केलं. पण लाजेची बादली काही पुस्तकात नव्हती, आणि जी गोष्ट कुणी तोंडानं बोलतच नाही ती शिकवणार कोण? पहिल्याच बाजाराच्या दिवशी मावशी पिशव्या घेऊन डब्यात बसल्या. सुनेनं आदरानं नमस्कार केला, पिशव्या आत ठेवल्या, आणि दोरी ओढली. टण. टण.

बाजार चिडीचूप झाला. भाजीवालीच्या हातातली जुडी हातात राहिली.

वर पाणकाकांनी दोन टोले ऐकले. त्यांना वाटलं, मावशी एक आणि आणखी कुणी एक. त्यांनी दोघांचं पाणी सोडलं आणि सवयीनं वर बादली उलटी केली. पुढे काय झालं त्याच्या निरनिराळ्या हकिकती आहेत, पण डबा वर गेला नाही, उडाला, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पाणकाका ब्रेकला लोंबकळले. मावशींची छत्री खिडकीतून बाहेर पडली ती उघडी होऊन तीन मळे ओलांडून गेली. एका पिशवीतली अंडी माथ्यावर पोचेपर्यंत फेटून तयार होती म्हणे. ते जरा बाजूला ठेवू. पण डबा वरच्या थांब्याच्या टोकाला लावलेल्या गादीवर आपटला, आणि ती गादी मावशींनीच भरून दिलेली होती म्हणून हाडं शाबूत राहिली, एवढं खरं.

हाडं शाबूत राहिली, अब्रू मात्र गेली. वर-खाली दोन्हीकडे लोक पोट धरून हसले.

"सूनबाईंनी मला दोन वाजवले," मावशी पाणकाकांना म्हणाल्या, "भर बाजारात. आजपासून त्या गाडीत माझा पाय पडणार नाही."

"वहिनी, तिला काय माहीत..."

"तुम्ही गप्प बसा. बादलीवाले!"

बादली आपल्याला ठाऊक होती, हे मावशींनी त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं. काकांना पुढे आठवडाभर नीट जेवण गेलं नाही.

पायऱ्यांची वाट होती, पण मावशींच्या गुडघ्यांना जिना म्हटला तरी कळ यायची. तेव्हा त्या वर राहिल्या त्या राहिल्याच. मुलगा घाटरस्त्यावर बस चालवायचा. तो आणि सून खालच्या थांब्यावरच्या खोलीत राहायचे. मुलगा बस घेऊन यायचा, आईला भेटायचा, मधे पडायचा, दोन्हीकडून बोलणी खायचा आणि बस घेऊन जायचा. सुनेला दिवस गेल्याची बातमी त्यानंच आणली. त्या रात्रीच मावशींनी दुकानातला सगळ्यात मऊ कापूस काढला आणि एक तळहाताएवढी, म्हणजे त्यांच्या तळहाताएवढी, गादी शिवायला घेतली. शिवून झाली. पण खाली पाठवली नाही. पाठवली तर माघार होते आणि न पाठवली तर पाप लागतं, अशा पेचात ती गादी उशीखाली पडून राहिली, आणि मावशींना त्या उशीवर झोप येईनाशी झाली.

इकडे नगरपालिकेनं पाणगाडी बंद करायचं ठरवत आणलं होतं. घाटरस्ता झालाय, बस चालतेय, मग ही जुनी कटकट कशाला? अध्यक्षीणबाईंच्या मनात दोन्ही डबे बागेत ठेवून त्यांत फुलझाडं लावायची होती. घंटेच्या जागी कारंजं.

आणि मग त्या पावसाळ्यात टेकडीनं कूस बदलली.

सलग कोसळणाऱ्या पावसात दरड आली ती एकटी आली नाही. घाटरस्ता घेऊन गेली, पायऱ्यांचा मधला टप्पा घेऊन गेली, मोबाईलचा टॉवर आडवा केला, आणि जाता जाता झऱ्याची पाइपलाइनही तोडून गेली. बस अडकली रस्त्याच्या पलीकडच्या तुकड्यावर, आणि बसबरोबर मावशींचा मुलगा. पाऊस थांबला तेव्हा वरचं गाव वर होतं, बाजार खाली होता, आणि दोघांच्या मधे धड उभी होती ती फक्त पाणगाडी. तिचे रूळ कातळावर टाकलेले. बिनपाण्याची, पण उभी.

दुपारच्या सुमाराला पोस्टमन वर आला. पायऱ्या नव्हत्या तिथे तो झाडांची मुळं धरून चढला होता. आपादमस्तक चिखल, ओळखायला फक्त आवाज.

"मावशींची सून," तो धापा टाकत म्हणाला. "कळा सुरू झाल्यात. नर्सबाई सोबत आहेत. त्या म्हणतात, मूल आडवं आहे, खाली जमायचं नाही. हॉस्पिटलात आणायलाच हवं. लवकर!"

हॉस्पिटल वर. डॉक्टरीणबाई वर. सून खाली.

मावशी त्या वेळी दुकानात ओला कापूस वाळत घालत होत्या. बातमी ऐकली तशा त्या उठल्या. आत गेल्या, उशीखालची छोटी गादी काखेत मारली, आणि गुडघ्यांना न विचारता थांब्याकडे चालू लागल्या. त्यांच्या पावलांनी रस्त्यावरची डबकी दोन्ही बाजूंना पळाली.

थांब्यावर अर्धं गाव जमलं होतं. पाणकाका नळाची चावी फिरवून फिरवून दमले होते. नळातून एक बेडूक आला, पाणी नाही.

"टाकीत थेंब नाही," काका म्हणाले. "आणि वजनाशिवाय डबा हलणार नाही."

"अहो, खाली दोघीच तर आहेत," बेकरीवाला म्हणाला. "दोन बायका ओढायला असं कितीसं वजन लागणार?"

"दोन बायका नाहीत. दोर आहे!" काकांनी चाकाकडे बोट दाखवलं. "डबा खाली असला की सगळा दोर त्याच्या बाजूला लोंबतो. त्याचं वजन कोण उचलणार, तुझा पाव? अर्ध्या वाटेपर्यंत हा दोर आपला वैरी. अर्ध्यानंतर आपल्या बाजूला येतो, मग मित्र."

"मग दगड भरा की!"

"आण. कुठायत? सगळे दगड दरडीबरोबर खाली गेले. वर उरलाय चिखल. आणि दगड उचलायला माणसं लागणार, भरायला माणसं लागणार..." काका बोलता बोलता थांबले. समोरच्या गर्दीकडे बघू लागले. बाजाराच्या दिवशी म्हशी बघतात तसे. "माणसं मात्र स्वतःच्या पायांनी चालत येतात."

गर्दी एक पाऊल मागे सरली. मग बेकरीवाला पोटावरून हात फिरवत पुढे आला. "मी दोन टोल्यांचा आहे," तो म्हणाला. "लिहून घ्या."

आणि मग जे सुरू झालं ते त्या गावात आधी कधी झालं नव्हतं. जन्मभर आपलं वजन लपवणारी माणसं ते ओरडून सांगायला लागली. तालमीचे वस्ताद छाती फुगवून म्हणाले, "मी तीन!" वाण्याची बायको म्हणाली, "आम्ही नवराबायको मिळून चार, त्यातले तीन ह्यांचे." टेलरमास्तर काडीसारखा माणूस, वाऱ्याच्या दिवशी खिशात कात्री ठेवून फिरणारा, तोही पुढे होऊन म्हणाला, "माझेही दोन धरा."

"तुमचे दोन?" काकांनी त्याला वरून खाली बघितलं. खाली बघायला वेळच लागला नाही.

"इस्त्री घेऊन येतो ना!" आणि खरंच तो दुकानातली कोळशाची लोखंडी इस्त्री छातीशी धरून आला.

अध्यक्षीणबाईही आल्या. फक्त दोन बोटं वर केली आणि आत जाऊन बसल्या. ज्या बाकावर त्या झेंडूची कुंडी ठेवणार होत्या, नेमक्या त्याच बाकावर.

मावशी बाजूला उभ्या होत्या.

"तुमचं काय, वहिनी?" काकांनी हळूच विचारलं.

"माझं काय," मावशी जमिनीकडे बघत म्हणाल्या. "मी... एक."

काकांनी बोटांवर बेरीज केली. "झालं, पुरतं. तोंडी हिशेबानं तर टाकीपेक्षा जास्त भरलं. तुम्ही नाही बसलात तरी चालेल, वहिनी. तुम्ही इथेच थांबा. सून वर येईल, तिला तुम्ही लागाल."

मावशींना इतकं बरं वाटलं की त्यांनी मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानले. बेकरीवाल्याचे, वस्तादांचे, अगदी इस्त्रीचेसुद्धा.

काकांनी ब्रेक सोडला.

डबा हलला नाही.

काकांनी चाकाला खांदा लावला. चाक कण्हलं आणि गप्प झालं. डब्यात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तालमीच्या वस्तादांची फुगवलेली छाती हळूहळू खाली बसली.

"वस्ताद," काका म्हणाले, "खरं सांगा."

"तीन म्हणजे... तरुणपणी," वस्ताद म्हणाले.

"माझ्या दोनातला एक मोठेपणाचा होता," बेकरीवाला पुटपुटला. वाण्याची बायको नवऱ्याकडे बघून म्हणाली, "बघा, पहिल्यांदा तुमचं वजन कमी पडलं, आणि तेही आजच!"

वर्षानुवर्षं ज्या गावानं शिष्टाचारापायी वजन कमी सांगितलं होतं, त्याच गावानं आज चांगुलपणापायी ते जास्त सांगितलं होतं. मन दोन्ही वेळा साफ होतं. पण लोखंडाला भीड नसते. त्याला ना लाज कळते ना शौर्य.

तेवढ्यात घंटा वाजली.

आधी एक लांबलचक खणखणाट. त्याचा अर्थ, गाडी तयार आहे, ओढा. मग थोडा वेळ शांत. मग एक टोला, स्वच्छ. नर्सबाई. मग परत शांत, जरा जास्तच वेळ, कळ येऊन जाईपर्यंत माणूस दात आवळून थांबतो तेवढा वेळ.

मग टण. टण.

तो हात मावशींना ओळखू आला. ती दोरी दुसरं कुणी असं ओढत नव्हतं, इतकं सरळ, इतकं निर्भीड. त्या पोरीनं खालच्या डब्यात चढायच्या आधी स्वतःच्या हातानं स्वतःला दोन वाजवले होते. ज्या हातानं सासूला, त्याच हातानं. पोटातल्यासकट जेवढी होती तेवढी, ना एक कमी ना एक जास्त. बाजार बघत असेल, भाजीवाली बघत असेल, आणि ती सगळ्यांच्या समोर सांगत होती, मी एवढी आहे, मला वर घ्या.

मावशींच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. टाकीत नव्हतं, ते इथे होतं.

"काका," त्या म्हणाल्या. त्यांना काका म्हणायची ती पहिलीच वेळ. एरवी 'तुम्ही', 'अहो' आणि 'बादलीवाले'. "माझे दोन लिहा. दोन, आणि वर जे असेल ते. दार उघडा."

गर्दी दुभंगली. मावशींनी एक पाय डब्यात ठेवला, आणि डब्याच्या स्प्रिंगांनी असा सुस्कारा टाकला, जणू इतका वेळ त्या याच बाईची वाट बघत होत्या. दुसरा पाय अजून बाहेर होता. तेवढ्यात डबा निघालासुद्धा!

"अहो, धरा! धरा मला!"

बेकरीवाल्यानं आणि वस्तादांनी मिळून त्यांना आत ओढलं. डब्यात आणि थांब्यावर एकच जल्लोष झाला. हसत सगळेच होते, पण त्यातलं एकही हसणं मावशींना टोचलं नाही. इतकी वर्षं ज्या हसण्याची त्यांना भीती वाटत होती ते असं असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. "मावशी, तुमच्या रूपानं देव पावला!" वाण्याची बायको त्यांच्या गळ्यात पडली. "देव राहू दे," मावशी म्हणाल्या, "तू जरा मधे सरक, वजन रुळावर पडू दे."

डबा कुरकुरत उतरत होता. दोर वैरी होता, तो जिद्दीनं मागे ओढत होता. कुणी श्वास सोडत नव्हतं, न जाणो तेवढंही वजन कमी व्हायचं. खालून दुसरा डबा मुंगीसारखा वर येत होता.

चढाच्या मधोमध रूळ फुटून दोन होतात आणि दोन्ही डबे एकमेकांना घासून जातात. तिथे दोन्ही खिडक्या समोरासमोर आल्या. सून बाकावर आडवी होती. घामेघूम, केस कपाळाला चिकटलेले. नर्सबाईंनी तिचा हात धरला होता. तिनं मान वळवली आणि समोरच्या खिडकीत सासूला बघितलं. तिला आधी वाटलं, कळेनं भास होतोय.

"आई? तुम्ही गाडीत?"

"अगं, स्वतःला दोन कशाला वाजवलेस?" दुसरं काही सुचलं नाही म्हणून मावशी ओरडल्या.

"खोटं वाजवलं असतं तर पोचले असते का वर?" सून म्हणाली. मग कळ आली. दात आवळतच म्हणाली, "त्या दिवशी मला बादलीचं ठाऊक नव्हतं, आई. शपथ."

"मला ठाऊक होतं! मला ठाऊक होतं गं, चूक माझी!" मावशींनी काखेतली छोटी गादी खिडकीतून बाहेर काढली. "ही धर. बाळाला. किती दिवस उशीखाली ठेवलीय मी."

सुनेनं पडल्या पडल्या हात लांब केला आणि नर्सबाईंनी खालून आधार देऊन गादी आत घेतली. त्या क्षणी दोघींची बोटं एकमेकांना लागली, सासूची आणि सुनेची, आणि सुटली.

वर चाकाशी असलेले पाणकाका सांगतात, की नेमका त्या वेळी डबा क्षणभर थबकला. एका बाजूनं चिमूटभर कापूस कमी झाला आणि दुसरीकडे वाढला, म्हणून तोल गेला. डब्यातले म्हणतात, तसं काही नाही, काकांनीच डोळे पुसायला हात काढला आणि त्यांचं सगळं अंग ब्रेकवर पडलं. खरं काय ते चाकालाच ठाऊक. पण पुढच्याच क्षणी डबे मध्य ओलांडून गेले. दोर आता मावशींच्या बाजूला आला होता, वैऱ्याचा मित्र झाला होता, आणि सगळ्या उताराच्या वजनासकट तो सुनेला वर ओढत होता. "चल रे बाबा," मावशी दोराला म्हणाल्या. "उपकार होतील तुझे. ओढ."

खाली पोचल्यावर सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं, की आपण खाली आलोय.

सून वर, डॉक्टरीणबाई वर, आणि जिला सून वर आल्यावर जवळ असायचं होतं ती सासू खाली. वर पाणी नाही. वजनदार म्हणावं असं एकूणएक माणूस या डब्यात बसून खाली उतरलेलं. आता त्यांना वर ओढायला वर कोण होतं? पाणकाका, पोस्टमन आणि बेडूक.

"मीच अशी शहाणी," मावशी खालच्या थांब्याच्या पायरीवर बसल्या. पण त्यांच्या आवाजात चिडचिड नव्हती. त्यांनी सुनेची दोरी बघितली, घामानं गुळगुळीत झालेली. तिच्या खाली एक छोटं स्टूल ठेवलेलं होतं, गेल्या काही महिन्यांत तिला टाचा उंच करता येत नसणार म्हणून. मावशींनी ते स्टूल हातानं पुसलं. कशाला पुसलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बाजार धावून आला. कुणी घोंगडी आणली, कुणी चहा आणला, कुणी गरम भाकरी. बेकरीवाल्याला त्याच्याच हातचा पाव तिप्पट कौतुकानं खाऊ घातला. भाजीवाली मावशींच्या शेजारी येऊन बसली. "त्या दिवशी मी फार हसले होते हो," ती म्हणाली. "आज परत हसा," मावशी म्हणाल्या, "पण आधी घंटा वाजू दे."

घंटेची तार दोन्हीकडून चालायची. वरून ओढली की खालच्या छपराला लावलेली छोटी घंटी किणकिणायची. सगळे तिच्याकडे डोळे लावून बसले. उन्हं कलली. टेलरमास्तरांनी कुशीत इस्त्री घेऊन एक डुलकी काढली. वस्ताद जपमाळ ओढावी तसे मिशी ओढत होते.

आणि घंटी वाजली. एक टोला. पूर्ण, मोकळा: आई ठीक.

मग, जणू कुणी दोरीला नुसती फुंकर मारली असावी, इतकी बारीक एक टिचकी. टिंग.

त्या टिचकीला नियमांच्या पुस्तकात जागा नाही. अर्थ मात्र सगळ्यांना कळला. बेकरीवाल्यानं अध्यक्षीणबाईंना मिठी मारली, आणि अध्यक्षीणबाईंनी मारू दिली. मावशींनी हात जोडले. आधी घंटीला जोडले, मग दोराला, मग रुळांना, मग त्या चढाला, आणि मग वळून डब्यातून उतरलेल्या एकेका माणसाला. "तुमच्या पोटांचे उपकार आहेत रे बाबांनो," त्या म्हणाल्या. टेलरमास्तरांच्या इस्त्रीलाही त्यांनी नमस्कार केला. ती अजून कोमट होती.

नळवाले वरून-खालून कामाला जुंपले. मुलगा दरड ओलांडून चालत आला, दोन्ही बूट चिखलात गमावून. आईला बाजारात बसलेली बघून त्याला वाटलं, आपण चुकीच्या गावात आलो. पाइपलाइन जोडून होईपर्यंत बाजारानं वरच्या गावाला असं काही खाऊ घातलं, की झऱ्याचं पाणी टाकीत पडायला लागलं तेव्हा खाली आलेल्यांना वर न्यायला दोन खेपा पुरल्या नाहीत.

मावशींची खेप आली तेव्हा मुलगा दोरीकडे वळला. "थांब," त्या म्हणाल्या. "ते माझं काम."

त्यांनी सुनेचं स्टूल बाजूला सारलं. त्यांना त्याची गरज नव्हती. दोरी धरली. बाजार आपोआप शांत झाला. मावशींनी मुलाचा एक टोला वाजवला. मग स्वतःचे दोन, सगळ्या बाजाराला ऐकू जातील असे. मग जरा विचार केला, पोटावरून हात फिरवला, आणि आणखी एक.

वर पाणकाकांनी टोले मोजले. हात सवयीनं साखळीकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला. लाजेची बादली तशीच रिकामी लटकत राहिली, आणि डबा वर आला तो इतका अलगद, की मावशींच्या हातातला चहाचा पेला हिंदकळला नाही.

हॉस्पिटलातल्या खोलीत सून उशीला टेकून बसली होती. छोट्या गादीवर नात होती, मूठ आवळून झोपलेली. बाहेर अध्यक्षीणबाई झऱ्याला दुसरी पाइपलाइन कुठून टाकायची आणि ज्यांचे पाय उचलत नाहीत त्यांच्यासाठी डब्याला उतरती फळी कशी लावायची, यावर पाणकाकांशी वाद घालत होत्या. कुंड्यांचा विषय परत कधी निघाला नाही.

"आई, सगळे टोले ऐकले मी इथून," सून म्हणाली. "यांचा एक, तुमचे दोन. मग शेवटचा कुणाचा?"

"दोन माझे," मावशी खुर्चीत बसत म्हणाल्या. खुर्ची बोलली, त्यांनी बोलू दिलं. "शेवटचा तुझ्या बाजारानं खाऊ घातलं त्याचा. खोटं कशाला वाजवायचं?"

सून हसली, मग टाके दुखले म्हणून थांबली. "आणि हिला किती वाजवायचे?"

मावशींनी नातीला उचललं. डोळे मिटून, आयुष्यभर कापूस जोखलेल्या त्या हातांवर तिला जरा वर-खाली केलं.

"सध्या टिचकीच," त्या म्हणाल्या. "पण माझ्यावर गेलीय. वाढेल."